दौलतरावांची लाल सायकल

"सायकल बघायला गजरा कशाला?" मी आईला विचारलं.

"असू दे गं. चार माणसांत जायचं, जरा बरं दिसावं," असं म्हणत तिनं तो माझ्या वेणीत खोचलाच. अंगात मावशीच्या लग्नात शिवलेला अबोली रंगाचा पंजाबी ड्रेस होता. तोंडाला पावडरही तिनंच फासली होती. जून संपत आलेला, उकाड्यानं जीव नकोसा झालेला आणि मी सायकलीच्या दुकानात जायला एखाद्या करवलीसारखी नटून उभी. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण माझ्या डोक्यात त्या दिवशी सायकलीशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

आमच्या पाडळीहून तालुक्याचं कॉलेज दोन कोसांवर. सकाळची एस. टी. पोचेपर्यंत पहिले दोन तास होऊन गेलेले असायचे. आईचं म्हणणं सरळ होतं. सायकल मिळाली तर कॉलेज, नाही तर घरी बसून बाहेरून परीक्षा द्यायची. घरी बसून परीक्षा दिलेल्या मुलींचं पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांची पुस्तकं माळ्यावर जातात आणि त्या सासरी.

दादा, म्हणजे माझे वडील, एस. टी.त मेकॅनिक होते. नोकरी खाली कोकणात, महिन्यातून एकदा घरी यायचे. मागच्या खेपेला त्यांनी सायकलीचे पैसे आईच्या नव्हे, माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "तुझी सायकल तूच पारखून घे, उजू. जुनी घे, पण बघून घे. रंगावर भाळू नकोस, रंग कुणालाबी मारता येतो. गाडी किती पळालीय ते टायर सांगतो. टायर खोटं बोलत नाही."

दादा नव्हते म्हणून मला सायकल घेऊन द्यायचं काम हिंदुरावमामांकडं आलं. हे आईचे थोरले भाऊ. धंदा बैलांच्या दलालीचा. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, असं ते स्वतःच सांगत. खांद्यावर कायम एक मळकट पंचा. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं समोरासमोर बसतात, हातांवर पंचा टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात. लहानपणी एकदा बाजारात मी गंमत म्हणून तो पंचा उचलायला गेले, तेव्हा मामांनी माझ्या हातावर फाडकन चापट मारली होती. "पंचा उचलला की सौदा मोडला," ते म्हणाले होते. "मग तो बैल त्या दिवशी त्या गिऱ्हाइकाला देत न्हाईत. बाजाराची रीत हाय ती." तो पंचा ते तोंड पुसायला वापरत, घाम पुसायला वापरत आणि पानाची पिंक टाकून झाल्यावर ओठ पुसायलाही. त्याचा वास मला अजून आठवतो.

तालुक्याच्या गावात जुन्या सायकलींचं एक दुकान होतं. तिथं मला एक सायकल पटकन आवडली. काळी, दांडीची, कुणा दूधवाल्याची असावी. हँडल किंचित वाकडं, सीटला भेग पडलेली. पण चाक हातानं फिरवलं तर सरळ फिरत होतं, ब्रेक धरत होते आणि टायर अजून पुष्कळ चालले असते. किंमत माझ्याजवळच्या पैशांत बसत होती.

"मामा, ही घेऊ."

मामांनी सायकलीकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. "दांडीची? पोरीच्या जातीला? टांग मारून चढणार व्हय तू चारचौघांत? लोकं शेण घालतील आमच्या तोंडात."

"मी दादांच्या सायकलीवरच शिकलेय. तीही दांडीचीच आहे."

"तुझ्या दादाला काय कळतंय? चल. माझ्या बघण्यात एक लेडीज सायकल हाय. नव्यासारखी. घरचीच माणसं हाईत, किमतीचं काय एवढं न्हाई."

किमतीचं काय एवढं नाही, हे मामांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं. तरी मी भुलले. नवी लेडीज सायकल म्हटल्यावर कोण भुलणार नाही!

गावाबाहेर मळ्यात घर होतं. दौलतराव नावाचे बागायतदार. पुढं फरशीचं अंगण, अंगणाच्या कडेला गोठा आणि अंगणाच्या बरोबर मधोमध, उन्हात, ती सायकल. लालभडक. पुढं तारेची टोपली, चेनवर पुरतं झाकण, हँडलला रंगीत झिरमिळ्या. एखादी मूर्ती मांडावी तशी मांडली होती. मी तिच्याकडं बघतच राहिले. माझ्या मनानं तिच्यावर बसून कॉलेजच्या फाटकातून दोनदा चक्करही मारली.

"या या," दौलतराव म्हणाले. पोट सुटलेलं, बोटात अंगठ्या. "हीच का तुमची भाची?"

"हीच. उज्ज्वला. बारावीला पयला नंबर हिचा."

"शिकलेली लई हाय म्हणा की." आणि ते मला वरपासून खालपर्यंत बघू लागले. सावकाश. मी ओढणी सारखी केली. वाटलं, एवढी महाग वस्तू द्यायची तर माणूस बघूनच देत असतील.

आम्ही ओसरीवर बसलो. समोर त्यांचा धाकटा मुलगा संपत येऊन बसला. पंचविशीचा. एक पाय सारखा हलवत होता आणि करंगळीचं वाढवलेलं नख कानात घालून, बाहेर काढून, त्याच्याकडं बघत होता. मग माझ्याकडं बघत होता. पोहे आले. ते घेऊन आलेली बाई माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल. डोक्यावर पदर, नजर खाली. "ही आमची थोरली सून, छाया," दौलतरावांच्या बायकोनं सांगितलं. "हिचीच सायकल. दोन वर्षं वापरलीया, पर कशी ठेवलीया बगा! आता हिला लागत न्हाई."

संपतनं तेच नख असलेल्या हातानं पोहे खायला सुरुवात केली. मी माझी बशी खाली ठेवली.

"सायकल चालवता येती न्हवं नीट?" दौलतरावांनी विचारलं. "जरा अंगणात चालून दाव बगू आधी. पायात काय अधू बिधू न्हाई न्हवं? पायडल मारायला पाय धड लागत्यात."

मी गोठ्यापर्यंत चालून आले.

"रस्त्याला वाहनं लई. नजर चांगली पायजे. ती समोरच्या पंपाच्या खोलीवरची पाटी वाच बगू."

मी पाटी वाचली. स्वच्छ वाचली. मला वाटलं, किती काळजीवाहू माणूस!

मग त्यांची बायको उठून माझ्या मागं आली. "वेणी लांब हाय गं. चेनमधी अडकंल की," म्हणत तिनं माझी वेणी हातात घेतली. नुसती घेतली नाही, मुळापासून टोकापर्यंत चाचपली, एकदा हलकेच ओढूनही बघितली. गंगावन आहे की काय ते बघत होती, हे मला फार नंतर कळलं. तिची बोटं तेलकट होती आणि ती माझ्या मानेवर जरा जास्तच वेळ राहिली. मानेवरून पाल चालत गेल्यासारखं वाटलं मला.

"खरेच हाईत," ती नवऱ्याला म्हणाली.

"सकाळी कॉलेजला निघायचं म्हंजी आधी घरचं आवरून निघाय पायजे," दौलतराव म्हणाले. "सैपाक येतो का?"

"येतो की," मामाच म्हणाले. "भाकरी अशी थापती, पापुद्रा सुटाय पायजे!"

माझ्या भाकरीला पापुद्रा आजतागायत सुटलेला नाही. मी मामांकडं बघितलं. ते माझी नजर चुकवून पानाला चुना लावत बसले. बाजारात बैल दाखवताना ते असेच बोलायचे. दात मोजायला तोंड उघडून दाखवायचे, शेपटी उचलायचे आणि वर म्हणायचे, गरीब हाय बगा, लाथ मारत न्हाई. पण मी अजूनही सायकलीच्याच नादात होते. आशेनं माणूस किती मठ्ठ होतं!

"मामा, सायकल बघू का?" मी विचारलं.

"बग की. आमी तवर भावाचं बोलतो."

दौलतराव आणि मामा अंगणातच, लिंबाच्या सावलीत उकिडवे बसले. मामांनी खांद्यावरचा पंचा काढला, दोघांच्या हातांवर टाकला. पंचा हलू लागला. दौलतरावांनी मान हलवली, "न्हाई." परत पंचा हलला. मामा हसले. एका जुन्या सायकलीसाठी एवढी ओढाताण? आणि पैसे तर माझ्याजवळ होते. मला न विचारता मामा कसला आकडा ठरवत होते?

मी सायकलीजवळ गेले. दादांनी शिकवलं होतं तशी बघायला लागले. मागचं चाक उचललं, फिरवलं. सुळ्ळकन फिरलं. ब्रेक दाबले. ब्रेकचे रबर कोरे. पायडलवर बुटाचा, चपलेचा एक ओरखडा नाही. मग मी टायरवरून हात फिरवला आणि हाताला काहीतरी टोचल्यासारखं झालं.

नव्या टायरला रबराची बारीक केसं असतात. कारखान्यातून येतानाच ती असतात. रस्त्याला लागणारी केसं दोन-चार दिवसांतच घासून जातात. या टायरवर ती सगळी जागच्या जागी होती. पुढच्याही, मागच्याही.

दोन वर्षं वापरलेली सायकल!

छाया कपबश्या गोळा करायला आली होती. मी हळूच विचारलं, "वहिनी, ही तुम्ही कॉलेजला न्यायचा?"

तिनं ओसरीकडं बघितलं. सासू आत गेली होती. संपत गोठ्याकडं तोंड करून थुंकत होता.

"न्हाई."

"एकदाही नाही?"

"फाटकाभायेरबी गेली न्हाई ती." तिचा आवाज सपाट होता. "माझ्या बापाला दावली व्हती. म्हणाले, पोरीला शिकवणार, बगा, सायकल घेऊनच ठेवलीया. मी फॉर्म भरला व्हता. फीबी भरली व्हती बापानं. लगीन झाल्यावर म्हणाले, या साली न्हाई, फुडच्या साली. मग म्हणाले, आता कशाला?" तिनं बशी बशीवर ठेवली. "दर शनवारी पुसती मी हिला."

"मग आता विकताय का?"

तेव्हा कुठं तिनं माझ्याकडं नीट बघितलं. गजऱ्याकडं, पावडरीकडं, अबोली ड्रेसकडं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेले नाही. कीव होती ती.

"विकत न्हाईत ताई. दावत्यात," ती म्हणाली. "तुमाला सांगितलं न्हाई व्हय कुणी? भाऊजींसाठी बगाय बोलावलंय तुमाला."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझं तसं झालं नाही. मला किळस आली. चालून दाखव, पाटी वाच, वेणी ओढली, सैपाक येतो का, सगळ्याचा अर्थ एकदम लागला. त्या बाईच्या बोटांचं तेल मानेवर तसंच होतं. समोर तो करंगळीचं नख शर्टाला पुसत माझ्याकडं बघत होता, आणि लिंबाखाली माझा सख्खा मामा पंच्याखाली बोटं दाबून माझा भाव ठरवत होता. हुंडा तो. किती तोळे, किती रोख, बोलायचीसुद्धा गरज नाही, बोटांनीच!

मी चालत लिंबाखाली गेले. दोघांनी वर बघितलं. मामा हसून म्हणाले, "काय, पसंत हाय न्हवं सायकल?"

मी वाकले आणि पंचा उचलला.

त्याखाली दौलतरावांची अंगठ्यांची बोटं मामांच्या तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांना धरून होती. दोघंही उघडं पडल्यासारखे बघत राहिले. हात सोडायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. पंच्याचा तो आंबूस वास माझ्या नाकात गेला. मी तो जमिनीवर टाकला.

"उजे!" मामा ओरडले. "कळतं का काय केलंस?"

"कळतं. तुम्हीच शिकवलंय. पंचा उचलला की सौदा मोडला."

"पोरगी तोंडाळ हाय तुमची," दौलतराव उठत म्हणाले. धोतर झटकलं. माझ्याकडं न बघता मामांना म्हणाले, "आमी तरी हिला कॉलेजला पाठवणार व्हतो. सायकलसुदिक घेऊन ठेवलीया."

"दोन वर्षांत तिच्या टायरवरची केसं गेली नाहीत," मी म्हणाले. "तुमची सायकल फार चांगली आहे. तुमचं घर मला पसंत नाही."

ओसरीवर सासू तोंडाला पदर लावून उभी होती. छाया कपबश्यांचं ताट धरून दारात थांबली होती. तिच्या हातातल्या बश्या किणकिणल्याचा आवाज मला ऐकू आला. ती हसत होती की भ्यायली होती, कोण जाणे. मी मागं बघितलं नाही.

मामा माझ्या पाठोपाठ फाटकापर्यंत बडबडत आले. खानदान, बापाचं नाक, मुलीची जात, सगळं झालं. "उद्या कोण विचारणार न्हाई तुला! अशी सोन्यासारखी सोयरीक! तुज्या आईनं माज्या पाया पडून सांगितलं म्हणून मी..." आणि तिथं ते थांबले. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

आईनं.

मी सरळ बाजारातल्या दुकानात गेले, दादांचे पैसे मोजले आणि ती काळी दांडीची सायकल घेतली. दुकानाच्या दारातच, अबोली ड्रेस आवळून, टांग मारून बसले. दोन म्हातारे पारावरून बघत होते. एक दुसऱ्याला काहीतरी म्हणालाही. शेण घाला म्हटलं, माझ्या तोंडात काय, तुमच्याच घाला.

हँडल डावीकडं ओढायचं. पाडळीच्या ओढ्यापर्यंत मला ते कळलं आणि मग मी त्याला सांभाळून चालवायला शिकले.

आई दारातच वाट बघत होती. सायकल बघून तिचा चेहरा पडला, पण तिनं विचारलं ते सायकलीबद्दल नव्हतंच. "काय म्हणाली माणसं?"

म्हणजे तिला खोटं बोलण्याचंही भान राहिलं नव्हतं. सकाळी स्वतःच्या हातानं पावडर लावणारी माझी आई. मी वेणीतून तो सुकलेला गजरा ओढून काढला, सोबत चार केसही तुटून आले, आणि तो तिच्या हातावर ठेवला.

"खरेच आहेत म्हणाली," मी सांगितलं. "केस."

तिला कळलं नाही. किंवा कळलं असेल. ती गजऱ्याकडं बघत म्हणाली, "तुला पुढं शिकवणार होते ते. शब्द दिला होता. तुझ्या बऱ्यासाठीच केलं गं." आणि मग, हळू आवाजात, "दादांना सांगू नकोस एवढं."

मी मोरीत जाऊन मान साबणानं घासली. परत घासली. रात्री तिनं वाढलेलं जेवण मला जेवता आलं नाही. आईवरचा राग पुढं काही वर्षांनी गेला. किळस मात्र फार दिवस राहिली, आणि पोहे मी आजही कुणाच्या घरी खात नाही.

सोमवारी मी कॉलेजला गेले. दांडीच्या सायकलीवरची मुलगी म्हणून पहिले आठ-पंधरा दिवस पोरांनी शिट्ट्या मारल्या, मग त्यांनाही कंटाळा आला.

वर्ष सरलं. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये पहिल्या वर्षाला अलका नावाची एक मुलगी आली. शेजारच्या गावची, चालत यायची, पाय दुखतात म्हणायची. एक दिवस मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात माझ्याशेजारी येऊन बसली, तर चेहरा नुसता फुललेला.

"उज्ज्वलाताई, आता मला चालायला नको! माझं ठरायला आलंय. सासरचे शिकवणार आहेत. सायकलसुद्धा घेऊन ठेवलीय त्यांनी माझ्यासाठी. मी बघून आले ना. लाल आहे, पुढं टोपली आहे, हँडलला झिरमिळ्या. अगदी नवी कोरी!"

माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

"बघायला तुला कोण घेऊन गेलं होतं?"

"हिंदुरावमामा म्हणून आहेत एक, बैलांच्या बाजारात असतात. वडिलांच्या ओळखीचे. फार चांगले आहेत. म्हणाले, माझ्या सख्ख्या भाचीला द्यायची होती ही सोयरीक, पण तिचं नशीब नव्हतं."

मला थुंकावंसं वाटलं. मी उठले, तिचा हात धरला आणि तिला वर्गाबाहेर काढलं. ती "अहो ताई, काय झालं?" म्हणत मागं ओढली जात होती. सायकलींच्या रांगेत माझी काळी सायकल शेवटाला होती. मी ती स्टँडवर चढवली आणि मागचं चाक तिच्यापुढं केलं.

"हात फिरव टायरवरून."

"कशाला?"

"फिरव म्हणते ना."

तिनं घाबरत बोटं टेकवली. टायर तळहातासारखा गुळगुळीत झाला होता. नक्षी कधीच गेली होती, आणि एका ठिकाणी तर आतले धागे दिसत होते.

"वर्षभर कॉलेजला आलेली सायकल अशी दिसते," मी म्हणाले. "आता परत जा आणि त्या लाल सायकलीच्या टायरवरून हात फिरवून ये. त्या घरात ती माझ्याआधी एकीला दाखवली, मग मला, आणि आता तुला."

अलकाचा हात टायरवरून हलेना.